बँकरभाऊ

आपले वडील बँकर होते, हे भाऊ पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. ऐकणारा अमेरिकन असला तर तो अदबीने मान हलवतो आणि गृहस्थ पैशाच्या घरातले दिसतात, अशी मनाशी नोंद करतो. ऐकणारा मराठी असला तर विचारतो, "कुठली बँक? महाराष्ट्र की स्टेट?" भाऊ याच प्रश्नासाठी टपून बसलेले असतात. "छे हो! कर्जत!" असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढतात आणि तुमची पुढची वीस मिनिटं जमा करून घेतात.

ती वीस मिनिटं अजून ज्यांच्या वाट्याला आलेली नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते, ती वडे खायला नव्हे. पुढे बोरघाट असतो. चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एकट्या इंजिनाला हे झेपत नाही, म्हणून गाडीच्या ढुंगणाशी जादा इंजिनं लावतात आणि ती लोणावळ्यापर्यंतचे २८ किलोमीटर गाडी वर ढकलत नेतात. या ढकलणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात. भाऊंचे वडील त्या बँकरवर ड्रायव्हर होते. "सगळ्या महाराष्ट्राला कर्जतचा वडा आठवतो," भाऊ म्हणतात, "पण तो वडा खायला वेळ कुणामुळे मिळतो, याची कुणाला दाद ना फिर्याद."

तर असे हे बँकरभाऊ. राहणार नोव्ही, राज्य मिशिगन. डेट्रॉइटच्या आसपास जे हजारो मराठी इंजिनिअर मोटारींच्या धंद्यात आहेत त्यांपैकी एक. आणि त्यांच्याकडे विजेवर चालणारा पिकअप ट्रक आहे. कोणत्या कंपनीचा ते मी सांगणार नाही. डेट्रॉइटमध्ये गाडीची कंपनी विचारणं हे आपल्याकडे आडनाव विचारण्यासारखं आहे. वरवर साधं, पण पंगतीत कुठे बसवायचं ते त्यावरून ठरतं.

ट्रक घेतला तेव्हा भाऊंनी आईला फोन करून कौतुकाने सांगितलं, "आई, आता मी टोइंग करणार." आईचा जीव थोडा थोडा झाला. त्या पुण्यात नारायण पेठेत राहतात. तिथे टोइंग म्हणजे पोलिसांचा टेम्पो, त्यावर उचलून घातलेल्या स्कूटरी आणि त्यामागे चप्पल हातात घेऊन धावणारे त्यांचे मालक. "इतकं शिकलास," त्या म्हणाल्या, "आणि शेवटी हेच का?"

भाऊंचं टोइंग म्हणजे त्यांची बोट. मिशिगनमध्ये अकरा हजारांवर तळी आहेत, त्यामुळे इथे बोट असणं म्हणजे कोकणात फणस असण्याइतकं सामान्य. भाऊंची बोट पाँटून जातीची आहे. अ‍ॅल्युमिनियमची दोन लांबलचक नळकांडी, त्यावर सपाट फळी, चहूबाजूंनी कठडा, कडेने बसायला गाद्या आणि वर छप्पर. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ओळखलं, ही बोट नाहीच. ही ओसरी आहे. मराठी माणसाला पाण्यावर जायचं ते वेगासाठी नसतंच मुळी. त्याला सतरंजी पसरून पत्ते कुटायचे असतात, आणि ओसरी तरंगत असेल तर चांगलंच. ट्रेलरसकट या ओसरीचं वजन बत्तीसशे पौंड आहे. भाऊंचा ट्रक याच्या तिप्पट ओढू शकतो. ओढू शकतो, यात वादच नाही. प्रश्न आहे तो कुठवर.

हा प्रश्न बँकरभाऊंच्या आयुष्यात आल्यापासून त्यांनी घड्याळ वापरणं सोडलं. "किती वाजता पोचाल?" असं विचारलं तर ते म्हणतात, "अकरा टक्क्यांना." म्हणजे बॅटरीत अकरा टक्के उरलेले असताना. आमच्या मंडळातल्या लोकांना आता याची सवय झाली आहे. कुणाच्या घरी जेवायला यायचं असलं की भाऊंकडून उत्तर येतं, "चाळीस टक्क्यांपर्यंत येतो, तुम्ही सुरुवात करा." शाळेत असताना टक्क्यांचा इतका धसका त्यांनी कधी घेतला नव्हता, असं वहिनी म्हणतात, आणि तो घेतला असता तर आयआयटी हुकली नसती, हे ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणतात.

हिशोब असा आहे. बॅटरी साधारण १३० किलोवॅट-तासांची. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. ट्रक मोकळा असला तर एका युनिटला दोन मैलांच्या वर जातो. मागे ओसरी लावली की युनिटला एक मैल. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला टप्पा शंभर युनिटांचा असतो. तेवढ्यात एखादं काटकसरी कुटुंब महिना काढतं. भाऊ तो टप्पा पावणेदोन तासांत संपवतात. ट्रेलर जोडल्याची खबर ट्रकला लागते न लागते तोच पडद्यावरचा तीनशेचा आकडा दीडशेवर येतो. पाहुणे आल्याचं कळताच घरमालकाचा चेहरा पडावा तसा.

"मग पेट्रोलच्या ट्रकचं असं का होत नाही?" मी एकदा भाबडेपणाने विचारलं होतं.

"होतं की. पण कळत नाही." भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "पेट्रोलचं इंजिन म्हणजे उधळ्या जमीनदाराचा वाडा. टाकीतल्या शक्तीतली सत्तर टक्के नुसती उष्णता होऊन उडते. आधीच एवढी उधळपट्टी, त्यात चार पाहुणे वाढले तर कुणाच्या लक्षात येतं? शिवाय टाकी केवढी! माझी अख्खी बॅटरी म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने चार गॅलनसुद्धा पेट्रोल नाही. चार गॅलनमध्ये मी तुम्हाला अडीचशे मैल फिरवून आणतो, हे कौतुक कुणी करत नाही. पण काटकसरीच्या घरात साखर मोजून आणलेली असते. पाहुणा आला की डबा वाजतो."

एवढं पटण्यासारखं विवेचन भाऊ करतात आणि मग ते स्वतःच वाया घालवतात, कारण त्यांना थांबता येत नाही. वजन हा खरा शत्रू नाही, वारा आहे, हे त्यांचं दुसरं प्रवचन. वजनाचा त्रास चढावर आणि गाडी सुटताना. एकदा चाकं फिरू लागली की हमरस्त्यावर तुम्ही झगडता ते हवेशी. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सत्तरचा वेग साठवर आणला तर हा विरोध पावपट कमी. म्हणून भाऊ अठ्ठावन्नने चालवतात. अठरा चाकी मालट्रक भोंगे वाजवत त्यांना मागे टाकतात, एकदा तर कुणाचं तरी अख्खं घर ट्रेलरवरून त्यांच्या पुढे निघून गेलं. भाऊ खिडकीतून त्याच्याकडे करुणेने पाहत होते. "समोरचं क्षेत्रफळ बघा त्याचं! मरणार तो."

हे समोरचं क्षेत्रफळ त्यांच्या डोक्यातून जात नाही. ट्रक असलेला मित्र म्हणजे साऱ्या मंडळाचा हमाल. कुणाचा सोफा, कुणाचं कपाट, गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल, सगळं भाऊ ओढतात. कपाट किती जड आहे हे ते विचारत नाहीत. "उंच किती?" असं विचारतात आणि "आडवं झोपवा त्याला" म्हणून सांगतात. परवा एका लग्नाच्या मंडपात सहा फुटी पाहुण्याशी त्यांची ओळख करून दिली, तर त्यांची नजर त्या बिचाऱ्याच्या खांद्यांवरून मापं घेत फिरली.

ट्रेलर जोडण्याचा विधी तर सत्यनारायणासारखा आहे. मधेच उठता येत नाही. आधी चाकांना उटी. मग दांडी गोळ्यावर बसवायची, खटका लावायचा, साखळ्या एकमेकींवरून तिरप्या घ्यायच्या, म्हणजे दांडी निसटली तरी साखळ्यांच्या झोळीत पडेल. मग दिव्यांची वायर. मग दिवे बघायला वहिनी. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर यावा लागतो, कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो. हा भार मोजायला भाऊंनी न्हाणीघरातला वहिनींचा वजनकाटा आणला आणि त्यावर तीनशे वीस पौंडांची दांडी ठेवली. काटा तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला नऊ पौंड कमी दाखवतो. वहिनींनी तो फेकला नाही. उलट जरा पुढे, दिसेल असा ठेवला आहे.

रिव्हर्स घेण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्याने ट्रेलर मागे घेतला आहे त्याला माहीत आहे, ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, एवढंच. हे काम आपोआप करणारं बटण ट्रकमध्ये आहे. भाऊ ते वापरत नाहीत, त्यांचा भरवसा वहिनींवर. वहिनी मूळच्या इचलकरंजीच्या, माहेरचा मालवाहतुकीचा धंदा. त्या मागे उभ्या राहून अस्सल क्लीनरच्या सुरात ओरडतात, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास्स!" आणि ट्रेलरच्या कुशीवर सपाट तळव्याने एक थाप मारतात. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे जाऊ द्या. ही भाषा भाऊंना स्टिअरिंगवर नसतानाही कळते. मंडळाच्या सभेत ते बोलत सुटले की वहिनी टेबलावर एकदा हात आपटतात.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझी बायको त्यांच्याबरोबर हॉटन लेकला गेलो. नोव्हीपासून साधारण एकशे साठ मैल. वाटेत एकदा कर्जत. हो, चार्जिंग स्टेशनला भाऊंच्या घरात कर्जत म्हणतात. "बे सिटीला कर्जत घेऊ" असं ठरतं, आणि वहिनी त्या हिशोबाने बटाटेवडे करून घेतात. सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा पूल लागतो, नदीवर सव्वाशे फूट उंच. सपाट मिशिगनात तेवढाच चढ, म्हणून तो बोरघाट. भाऊ पुलाच्या पायथ्याशी गप्प होतात, पुढे वाकून बसतात, आणि माथ्यावर पोचले की मोठ्याने "लोणावळा!" म्हणतात. उताराला ट्रक उलट वीज भरतो, तेव्हा ते आकडा वाचून दाखवतात. त्या पुलावर त्यांना पाव टक्का परत मिळाला. एवढा आनंद मी त्यांना पगारवाढीचाही झालेला पाहिलेला नाही.

कर्जतला मात्र गोची झाली. चार्जर बसवणाऱ्यांनी जगात ट्रेलर नावाची वस्तू आहे हे गृहीतच धरलेलं नाही. पेट्रोल पंपासारखं एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघणं बहुतेक ठिकाणी नसतं. गाडीने नाक खुपसून उभं राहायचं. मागे ओसरी असली तर ती सगळा रस्ता अडवते. म्हणजे ट्रेलर सोडा, कडेला उभा करा, उटी लावा, चार्ज करा, परत जोडा. सत्यनारायण दोनदा. भाऊंनी आधी धिटाई करून आडवा लावून पाहिला, तर आमच्या एका ट्रकने तीन जागा अडवल्या आणि एका बाईंनी गाडीतून उतरून फोटो काढला. तो कौतुकाचा नव्हता. शेवटी सोडला. आम्ही मोकळ्या मैदानात ट्रेलरवरच्या ओसरीत चढून बसलो, छप्पर उघडलं आणि वडे काढले. फोटोवाल्या बाईंनाही वहिनींनी एक दिला. त्यांनी तो खाल्ला, पण रांगेत चार गाड्या झाल्या होत्या म्हणून पासष्ट टक्क्यांवरच आम्हाला जागा सोडावी लागली. "अकरा टक्क्यांना पोचतो," भाऊंनी जाहीर केलं, आणि शप्पथ सांगतो, वारा समोरून असूनही आम्ही अकरा टक्क्यांना पोचलो.

भाड्याच्या लाकडी घरात चार्जर कुठला? भिंतीतला साधा १२० व्होल्टचा प्लग. त्यातून रात्रभरात बारा-तेरा टक्के भरतात. "ठिबक सिंचन," भाऊ म्हणाले आणि समाधानाने झोपले.

त्या रात्रीची नव्हे, पण एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बँकरभाऊंचं मन अलीकडे दुसऱ्या ट्रकवर गेलं आहे. त्यात बॅटरी असतेच, शिवाय पेट्रोलचं एक इंजिनही असतं. पण ते इंजिन चाकांना हात लावत नाही, नुसता जनरेटर फिरवून वीज करतं. रेल्वेचं डिझेल इंजिन याच तत्त्वावर शतकभर चाललंय, हे भाऊ प्रत्येकाला बजावतात. रॅम कंपनीने असा ट्रक जाहीर केला तो २०२३ मध्ये: ९२ युनिटांची बॅटरी, ३.६ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, १३० किलोवॅटचा जनरेटर, आणि सगळं मिळून ६९० मैलांचा वायदा. मग २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनी आपला निव्वळ विजेचा ट्रक रद्द केला आणि त्याचं ठरलेलं नाव या जनरेटरवाल्याला देऊन टाकलं. स्काउट कंपनीने आपल्या जनरेटरला हार्वेस्टर म्हटलंय, ते ऐकून माझ्या डोळ्यांपुढे उसाचा फड आला. डिसेंबरात फोर्डनेही सांगितलं की पुढचा लाइटनिंग ट्रक असाच असेल. तो आठवडा भाऊंनी वारकऱ्याच्या तल्लीनतेत घालवला.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, "तार नसली की बँकर पोटात घेऊन हिंडायचं. वडिलांना वर दीड हजार व्होल्टची तार होती, त्यांना रेंज कसली? आपल्याला तार नाही. मग पोटात बँकर!"

"म्हणजे परत पेट्रोल भरायचं," वहिनी म्हणाल्या.

"थोडंसं."

"मग गेली तीन वर्षं मी काय म्हणून अठ्ठावन्नने हिंडतेय?"

भाऊंनी याचं उत्तर दिलं, पण ते जनरेटरच्या मर्यादांबद्दल होतं. लांबलचक चढावर भार ओढताना जनरेटर करतो त्याहून जास्त वीज चाकं खातात, मग बॅटरी संपत जाते आणि ट्रकचा दम तुटतो. म्हणून घाट लागण्याआधीच इंजिन चालू करून बॅटरी राखून ठेवायची असते. "म्हणजे कर्जतलाच बँकर लावायचा," वहिनी म्हणाल्या, "मधे खंडाळ्यात आठवण होऊन उपयोग नाही." भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. असं थोडक्यात सांगता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळी ओसरी पाण्याबाहेर काढायला धक्क्यावर गेलो तेव्हा एकतीस टक्के होते. पुढचं कर्जत वीस-पंचवीस मैलांवर. भाऊंनी नीट आखलं होतं, आणि वारा पाठीशी होता. ओसरी ट्रेलरवर चढली, वर आली, बांधली गेली. तेवढ्यात मागे आवाज आला. एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांचा जुना पेट्रोल पिकअप, मागे भलीमोठी मासेमारीची बोट. मागची चाकं उतारावरच्या शेवाळावर नुसती फिरत होती, सायलेन्सर पाण्यात बुडून गुळगुळत होता, आणि ट्रक पुढे येण्याऐवजी वीतवीत मागे सरकत होता.

भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. एकतीस. मग त्या ट्रककडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरची आकडेमोड बघत होतो. पण ती आकडेमोड नसावी. माणूस स्टेशनात शिरणाऱ्या गाडीकडे बघतो तसं काहीतरी होतं. "ट्रेलर सोडा," ते म्हणाले. सत्यनारायण इतक्या झटपट आटोपलेला मी पाहिला नव्हता. ते ट्रक मागे घेत गेले, बटणाशिवाय, वहिनींच्या सुरावर. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास्स!" थाप. जाड पट्टा अडकवला. म्हाताऱ्याने गिअर टाकला. भाऊंनी पाय हळूच दाबला, आणि काहीच झालं नाही. म्हणजे आवाज झाला नाही, धूर झाला नाही, चाक घसरलं नाही. पट्टा ताणला गेला आणि तो ट्रक, ती बोट, बोटीतलं पाणी आणि तो म्हातारा, असं सगळं मुकाट्याने उतार चढून वर आलं.

भाऊ उतरले ते थेट आम्हाला पडद्याकडे ओढत घेऊन गेले. एकतीस! एक टक्कासुद्धा हललेला नव्हता. "बघितलंत? आठ-दहा हजार पौंड! मी काय सांगत होतो? वजन नाही, वारा! वारा!" शेजारच्या कुटुंबाने आपली मुलं जवळ घेतली.

म्हातारा पाकीट काढत आला. भाऊ नको म्हणाले. तो पुन्हा म्हणाला, भाऊ पुन्हा नको म्हणाले. मग त्याने ट्रकवरून हात फिरवला, काय करता, कुठले, अशी चौकशी केली, आणि अशी मोठी गाडी ओढायला कुठे शिकलात असं विचारलं. मी आणि माझी बायको एकमेकांकडे पाहून खाली गवतावर बसलो.

"माझे वडील," भाऊ म्हणाले, "बँकर होते."

"अच्छा," म्हातारा पाकीट खिशात ठेवत म्हणाला. "तरीच पैसे घेत नाही."

भाऊंनी बसायला काहीतरी शोधलं. खुर्ची नव्हती, म्हणून ट्रकचं मागचं फळकं खाली पाडलं, म्हाताऱ्याला शेजारी बसवलं आणि हातांनी हवेत चढ काढून दाखवला, एकास सदतीस. म्हातारा डोकं तिरकं करून त्या चढाकडे बघू लागला. वहिनींनी डब्यातला शेवटचा वडा काढून त्याच्या हातावर ठेवला. मग त्या मागे गेल्या, ट्रेलर एकटीनेच जोडला, साखळ्या तिरप्या घेतल्या, उट्या काढल्या, पदराला हात पुसावेत तसे जीन्सला पुसले.

"लोणावळ्याला पोचलं की ते मागून सुटतात," भाऊ सांगत होते, "आणि पुढच्या डब्यात बसलेल्याला पत्तासुद्धा नसतो की..."

वहिनींनी ट्रेलरच्या कुशीवर दोन थापा मारल्या.